चालू, बंद, आपोआप

ऑफिसात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे ‘पणताई’ म्हणत. मीटिंगमध्ये कुणी काही सुचवलं की त्यावर पहिला आवाज त्यांचा, आणि त्यातला पहिला शब्द ‘पण’. “पण फाईल अर्धी लिहून झाल्यावर वीज गेली तर?” “पण दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर?” हे नाव आपल्याला पडलंय हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्या घास चावत म्हणाल्या, “बरंच आहे की. मला आमच्याकडे ‘एंगेज’ म्हणायचे. मी काही मनावर घेतलं नाही, फक्त म्हणणाऱ्यांचे कॉल उशिरा जोडले.”

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सासूबाई आता आपल्या मुलीकडे राहायला जाणार असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पण सासूनं विषय काढला नाही, सुनेनंही काढला नाही, आणि दोघी त्याच दोन खोल्यांत राहत राहिल्या. एकीला कमी दिसायचं, दुसरीला बोलायला माणूस लागायचं. जमून गेलं.

ऑफिस टायरच्या शोरूमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात बारा महिने रबराचा वास. चाळीस माणसांची कंपनी, आणि ती एकच गोष्ट बनवायची: बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. कारखान्यातली ड्रॉइंग असोत, पुस्तकांची पानं असोत की दुसऱ्या कुणाचे प्रोग्राम असोत, काम रोज बदलतं. कुणी बदललं, कधी बदललं, काय आणि का बदललं, हे सगळं हे सॉफ्टवेअर लिहून ठेवायचं आणि मागाल तेव्हा परवाचं काम जसंच्या तसं काढून हातात द्यायचं. पणताई तिथं बावीस वर्षं प्रोग्राम लिहीत होत्या. त्यांच्यानंतर आलेले कितीतरी जण साहेब झाले. त्यांनाही एकदा विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, “पण मग काम कोण करेल?” हे त्यांनी गंमत म्हणून विचारलं नव्हतं.

आताचे साहेब त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता. वाढदिवस लक्षात ठेवायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं की रजा द्यायचा. पण त्याचा आवडता शब्द ‘झटपट’, त्यामुळे पाठीमागे त्याला सगळे ‘झटपट साहेब’ म्हणत, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

घोडं अडलं होतं ते वेगापाशी. मोठ्या ग्राहकांकडे आता चार-चार लाख फाईली झाल्या होत्या. ‘काय काय बदललंय?’ असं विचारलं की सॉफ्टवेअर बिचारं एकेक फाईल उघडून बघत बसायचं. पन्नास सेकंद लागायचे. दिवसातून तीसदा विचारणाऱ्या माणसाला पन्नास सेकंद म्हणजे छळ. पणताईंनी आठ महिने खपून त्यावर एक पहारेकरी लिहिला. तो गुपचूप मागे बसून असायचा आणि कंप्युटरकडून बातमी घ्यायचा: या फाईलला हात लागला, त्या फाईलला लागला. मग विचारणा झाली की चार लाख फाईली उघडायची गरज नाही, ज्यांना हात लागला त्या पाचसहाच बघायच्या. पन्नास सेकंदांचे दीड सेकंद झाले. पहिल्यांदा तो आकडा पडद्यावर दिसला तेव्हा पणताईंनी खुर्ची मागे सरकवली आणि एकट्याच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

पहारेकरी तयार झाला, आता त्याची सेटिंग ठरवायची होती. मीटिंगमध्ये साहेबांनी फळ्यावर अकरा सेटिंग लिहिल्या. पहारा किती वेळानं ताजा करायचा, किती फोल्डरांवर ठेवायचा, किती मेमरी द्यायची, असं काय काय.

“ग्राहकाला कंट्रोल आवडतो, ताई. जितक्या सेटिंग तितकं सॉफ्टवेअर भारदस्त.”

“पण हे अकरा प्रश्न आपण कुणाला विचारतोय?” पणताई म्हणाल्या. “ज्याचं उत्तर आपल्याला सापडत नाही, ते त्याला कुठून सापडणार? आपल्याला ठरवता येत नाही म्हणून आपण सेटिंग काढतो, आणि वर त्याला स्वातंत्र्य दिलं म्हणतो.”

कुणीतरी खोकलं. पणताईंनी वही उघडली. मागच्या महिन्यात त्या तीन ग्राहकांकडे जाऊन नऊ माणसांच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसल्या होत्या, ती माणसं कशी काम करतात ते बघत. नऊ जणांपैकी एकानंच आयुष्यात सेटिंगचं पान उघडलं होतं, तेही अक्षर मोठं करायला. बाकीच्या आठ जणांनी, आपण जसं दिलं तसंच आजवर वापरलं होतं.

“म्हणजे डिफॉल्ट हीच खरी सेटिंग,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या सगळ्या आपल्या समाधानासाठी.”

त्यांचं म्हणणं असं, की एकच सेटिंग असावी आणि तिच्यात तीन शब्द: चालू, बंद, आपोआप. घट्ट मताच्या माणसासाठी पहिले दोन, आणि उरलेल्या सगळ्यांसाठी, काही न करता, तिसरा. ‘आपोआप’मध्ये पहारेकरी आधी बघणार की फाईली आहेत कुठे. आपल्याच कंप्युटरच्या डिस्कवर असतील तर पहारा सुरू. सगळ्या ऑफिसची मिळून जी एक डिस्क असते, शेअर्ड ड्राइव्ह, तिच्यावर असतील तर पहारा बंद, जुन्या पद्धतीनं एकेक फाईल बघायची. कारण शेअर्ड ड्राइव्हवर एक गोम होती. तिथल्या फाईलला दुसऱ्या कंप्युटरवरून कुणी हात लावला तर त्याची बातमी या कंप्युटरला येतच नाही. पहारेकरी प्रामाणिकपणे सांगणार, ‘काही बदललेलं नाही,’ आणि ते धडधडीत खोटं असणार.

डिस्क कुठली हे ओळखणं सोपं नव्हतं. काही शेअर्ड ड्राइव्ह घरच्या डिस्कचं सोंग घेऊन बसतात. त्या ओळखायला पणताईंना सहा आठवडे लागले. साहेबांनी शेवटी मान्य केलं. अकरांपैकी दहा सेटिंग पुसल्या. फळ्यावर तीन शब्द उरले, आणि ‘आपोआप’भोवती साहेबांनी स्वतःच्या हातानं गोल काढला.

मग तीन आठवड्यांनी प्रात्यक्षिक होतं. ग्राहक मोठा, बसच्या बॉडी बांधणारी कंपनी. साहेब तिथं आठ जणांसमोर उभे राहिले, ‘आता बघा’ म्हणाले आणि बटण दाबलं. त्या कंपनीच्या सगळ्या फाईली शेअर्ड ड्राइव्हवर होत्या. ‘आपोआप’नं तेच केलं जे करायला त्याला शिकवलं होतं: पहारा बंद ठेवला. पन्नास सेकंद साहेब आठ जणांकडे बघत उभे राहिले. तिसाव्या सेकंदाला एकानं फोन काढला, चाळिसाव्याला दोघे आपापसात बोलायला लागले. साहेब तोंडावर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चार वाजता, तोवर इथं बसून काही उपयोग नाही. साहेबांचे तीन फोन येऊन गेले होते. शेजारणीला सासूबाईंजवळ बसवून पणताई तासाभरासाठी ऑफिसात आल्या.

“ताई, सॉरी, अशा दिवशी तुम्हाला बोलावलं,” साहेब म्हणाले, आणि ते खरंच ओशाळले होते. “पण शुक्रवारी आवृत्ती बाहेर पडतेय. एवढंच करा. ‘आपोआप’ काढू नका, राहू दे. फक्त डिफॉल्ट ‘चालू’ करा. एक शब्द. झटपट.”

“पण शेअर्ड ड्राइव्हवर—”

“मी आज सकाळीच करून बघितलं. शेअर्ड ड्राइव्हवर ‘चालू’ केलं. दीड सेकंद. एकही चूक नाही.”

“तुम्ही एकाच कंप्युटरवरून बघितलंत. फाईल दुसऱ्या कंप्युटरवरून बदलली तर—”

“असं कोण करतं, ताई? एका कंप्युटरवर काम आणि दुसऱ्यावरून नोंद? किती लोक? शंभरात दोन?”

“दोन,” पणताई म्हणाल्या. त्यांच्या हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा होता, तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

“मग त्या दोघांसाठी मॅन्युअलमध्ये एक ओळ लिहा ना. आणि बदल तुम्हीच करा. दुसऱ्या कुणी तुमच्या कामात हात घातला तर मलाच ते बरं वाटणार नाही.”

त्या नाही म्हणू शकल्या असत्या. याहून क्षुल्लक गोष्टींवरून त्यांनी दोन-दोन आठवडे वाद घातले होते. चार वाजायला अजून अडीच तास होते आणि वाद घालायला तेवढे पुरले असते. पुढे कित्येक महिने त्या हा हिशेब मनाशी करत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी तो तितकाच यायचा: अडीच तास.

त्या जागेवर बसल्या. ‘आपोआप’ खोडून ‘चालू’ लिहिलं. आता बदलाची नोंद करायची, आणि नोंदीबरोबर एक टीप लिहावी लागते. टीप कशी लिहावी यावर त्या ऑफिसात सगळ्यात जास्त कुणी कटकट केली असेल तर पणताईंनी. ‘काय बदललं ते लिहू नका, ते दिसतंच, का बदललं ते लिहा,’ असं सांगून त्यांनी लोकांचं काम चार-चार वेळा परत पाठवलं होतं. त्या दिवशी त्यांनी लिहिलं: ‘डिफॉल्ट बदललं.’

दोन शब्द. कारण लिहायचं तर साहेबांचं नाव लिहावं लागलं असतं, आणि ते चहाडी केल्यासारखं दिसलं असतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो रुसवा होता. माझं ऐकायचं नाही ना, मग घ्या. रुसलेल्या माणसाला वाटतं आपला रुसवा कुणीतरी बघतंय. तो बघायला तिथं कुणी नव्हतं.

मग मॅन्युअल उघडून एक्केचाळिसाव्या पानावर तळाशी ओळ घातली: ‘फाईली शेअर्ड ड्राइव्हवर असल्यास ही सेटिंग बंद ठेवावी.’ लिहून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. ते बरं वाटणं त्यांनी नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवृत्ती शुक्रवारी बाहेर पडली. बसवाल्या कंपनीनं करार केला. साहेबांनी सगळ्यांसमोर पणताईंचे आभार मानले आणि त्यांना एक कुंडी दिली, तिच्यात कसलंसं जाड पानांचं झाड.

साडेचार महिने गेले. सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या. एक दिवस तक्रार विभागातल्या बाई पणताईंच्या टेबलाशी येऊन घुटमळल्या. हातात तीन कागद.

“ताई, हे प्रकरण मी बंद केलंय. दोनदा. पण ही बाई परत लिहितेय. आणि मला… जरा वाचता का?”

पत्र लिहिणारी एका लहान ऑफिसात ड्रॉइंग काढत होती. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या लोकांना ती ड्रॉइंग लागत. पत्रात शिवीगाळ नव्हती, नुकसानभरपाईची मागणी नव्हती. लिहिलं होतं:

‘मी आतल्या खोलीतल्या कंप्युटरवर ड्रॉइंग काढते, ती ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर राहतात. तुमचं सॉफ्टवेअर बाहेरच्या टेबलावरच्या कंप्युटरवर आहे. रोज संध्याकाळी मी बाहेर येऊन नोंदीचं बटण दाबत होते. ते म्हणायचं, काही बदललेलं नाही. मला वाटलं, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, नोंद झालेली आहे. नऊ दिवस असं केलं. दहाव्या दिवशी आमच्या मालकांनी सॉफ्टवेअरमधून जुनी आवृत्ती मागवली आणि माझ्या ड्रॉइंगवर जुनी ड्रॉइंग येऊन बसली. मालकांनी नोंदी उघडून बघितल्या. नऊ दिवसांत माझ्या नावावर एकही बदल नाही. ते म्हणाले, नऊ दिवस बसून होतीस. मला एवढंच विचारायचं आहे की मी ड्रॉइंग काढली होती की नाही, हे तुम्हाला कुठे दिसतं का?’

पणताईंना दुसऱ्या ओळीलाच सगळं कळलं होतं. आतल्या खोलीतला कंप्युटर. बाहेरच्या टेबलावरचा कंप्युटर. शंभरात दोन. तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, आणि मग परत वरपासून.

“तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“नेहमीचंच. पान एक्केचाळीस पाहावे.” बाईंनी मान खाली घातली. “नोकरी गेलीय हो तिची.”

पणताई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. पत्र टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाचलं, दोन बोटांनी नाकाचं हाड दाबलं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण मॅन्युअलमध्ये लिहिलंय ना आपण?”

“मॅन्युअल कोण वाचतं? मीच तुम्हाला सांगितलं होतं. नऊपैकी—”

“ताई, कायद्यानं बघितलं तर आपण लिहिलंय. आणि तुम्हीच लिहिलंय, चांगलं स्वच्छ लिहिलंय.”

“मी लिहिलं, कारण तुम्ही डिफॉल्ट बदलायला सांगितलंत.”

“मी?” साहेबांना खरंच आठवत नव्हतं. पणताईंना जे झोंबलं ते हेच. माणूस खोटं बोलत असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. त्यांनी कंप्युटर स्वतःकडे वळवला, त्या फाईलचा इतिहास उघडला, आणि त्यांच्याच सॉफ्टवेअरनं काय लिहून ठेवलंय ते दोघांनी मिळून वाचलं. तारीख, वेळ, एक वाजून छत्तीस मिनिटं. बदलणाऱ्याच्या जागी पणताईंचं नाव. टीप: डिफॉल्ट बदललं.

“इथं तर माझा काही उल्लेख नाही,” साहेब हळूच म्हणाले. आवाजात कुरघोडी नव्हती, उलट थोडी दयाच होती. “मीटिंगच्या गडबडीत काही बोलणं झालं असेल आपलं. पण तुम्ही नीट बघूनच केलं असणार, हे मी धरून चालतो.”

पणताईंनी टेबलावरचं पत्र उचललं. नोंद खरी होती. तिच्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काठीनं जमिनीवर एक-दोनदा ठकठक केलं. “मी चुकीचा नंबर जोडला की मला तिथल्या तिथं शिवी ऐकू यायची,” त्या म्हणाल्या. “कान लाल व्हायचे, पण कळायचं. तुमच्यात शिवी पोचायलाच पाच महिने लागतात, आणि तीही मध्येच कुणीतरी उचलून ठेवतं. फोन कर त्या बाईला.”

“काय सांगू?”

“तिनं विचारलंय तेवढं सांग.”

पत्रावर फोन नंबर होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पणताई जिन्यात उतरल्या, रबराच्या वासात, आणि नंबर लावला. आपण कोण ते सांगितलं. पलीकडे मशीनचा घरघराट होता.

“तुम्ही ड्रॉइंग काढली होती,” पणताई म्हणाल्या. “आमच्या सॉफ्टवेअरला ती दिसली नाही. चूक आमची आहे.”

घरघर थांबली.

“तुम्हाला कसं माहीत?” त्या बाईचा आवाज वयस्क होता, सावध.

“तो भाग मी लिहिलाय.”

“अच्छा.” मग थांबून, “मलाच शंका यायला लागली होती हो. मालक ओरडले तेव्हा मी म्हणाले, मी काढलीय, पंधरा पानं काढलीत. ते म्हणाले, दाखव. कुठून दाखवू? घरी मुलगा म्हणाला, आई, कंप्युटर खोटं कशाला बोलेल? तुझं दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलं असेल. आठवडाभर मी डोळे मिटले की ती पंधरा पानं आठवून बघायची. बाराव्या पानावरचा व्हॉल्व्ह आठवायचा, मग वाटायचं, खरंच काढला होता ना?”

“काढला होता,” पणताई म्हणाल्या.

“एवढं लिहून द्याल का मला?”

पणताईंनी लिहून दिलं. कंपनीच्या कागदावर लिहायची परवानगी त्यांनी मागितली नाही, कारण मिळणार नाही हे माहीत होतं. साध्या कागदावर, स्वतःच्या सहीनं, एका पानात सगळं उलगडून लिहिलं: दोष कुठला, तो या बाईंच्याच ऑफिसात का दिसला, आणि नोंदीत काही नसणं हा काम न केल्याचा पुरावा का नव्हे. या वेळी त्यांनी ‘का’ लिहिलं, अगदी तपशीलवार. पत्र त्या बाईच्या मालकाला गेलं. आठ दिवसांनी त्याचं उत्तर आलं, तेही पणताईंना नाही, कंपनीला. त्याला मॅन्युअलचं एक्केचाळिसावं पान जोडलेलं होतं. त्यानं लिहिलं होतं: ‘तुमचा तक्रार विभाग म्हणतो चूक वापरणाऱ्याची, तुमची कर्मचारी म्हणते चूक सॉफ्टवेअरची. आम्ही कुणाचं खरं धरायचं ते कृपया कळवावे.’

कंपनीनं कळवलं. तक्रार विभागाचं खरं धरावं.

पणताईंना कुणी काढलं नाही. साहेबांनी त्यांना बसवून शांतपणे समजावलं की परस्पर अशी पत्रं पाठवणं बरोबर नाही, आणि ते ताणाखाली घडलं हे त्यांना समजतंय. सासूबाईंची तब्येत, एकटीवर सगळा भार. त्यांच्या नोकरीच्या फायलीत ताकीद दिल्याचा एक कागद लागला. पुढच्या आवृत्तीसाठी साहेबांनी पुन्हा फळा भरला. पुसलेल्या दहा सेटिंग परत आल्या, वर आणखी तीन. प्रत्येक सेटिंगचं मॅन्युअलमधलं पान पणताईंनी लिहायचं ठरलं, कारण त्या स्वच्छ लिहितात.

मग हिवाळ्यात बसवाल्या कंपनीत तेच घडलं. तिथंही कुणीतरी दुसऱ्या कंप्युटरवरून काम केलं होतं. एका बसच्या दाराची चाळीस ड्रॉइंग जुन्या ड्रॉइंगखाली गाडली गेली. मात्र या वेळी फोन सरळ साहेबांच्या साहेबांना आला. त्याच दुपारी डिफॉल्ट बदललं गेलं. एक शब्द, पाच मिनिटांचं काम. ‘आपोआप’ हे नाव फार साधं वाटतं म्हणून त्याचं ‘स्मार्ट’ केलं. सहा आठवड्यांचं ते डिस्क ओळखणारं काम होतं तिथंच पडून होतं, त्याला कुणी हातही लावला नव्हता. ते चालू झालं आणि नीट चाललं. महिन्याभरानं साहेबांनी एका परिषदेत भाषण दिलं, ‘ग्राहकावर निर्णयाचं ओझं टाकू नका’ या विषयावर. भाषण चांगलं झालं असं ऐकून येणारे सांगत होते. त्यात ‘डिफॉल्ट हीच खरी सेटिंग’ असं एक वाक्य होतं, ते लोकांना विशेष आवडलं.

नव्या आवृत्तीबरोबर कंपनीनं सुधारणांची यादी काढली. त्यात सातव्या क्रमांकावर होतं: ‘शेअर्ड ड्राइव्हवर काही परिस्थितींत चुकीची माहिती दिसू शकत होती. हा दोष दूर केला आहे.’ पणताईंनी ते पान छापून घेतलं. वर कंपनीचं नाव होतं, चिन्ह होतं. त्या बाईच्या मालकाला हवा होता तसा कागद. शनिवारी सकाळी त्या बसनं गेल्या.

ती बाई आता कॉलेजच्या समोरच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानात होती. दुकानाचा पत्ता तिनंच फोनवर दिला होता, आणि तिथं कुणी दाखवून दिलं नसतं तरी पणताईंनी तिला ओळखलं असतं. कागदांच्या गठ्ठ्याच्या चारी कडा ती टेबलावर आपटून अशा जुळवत होती की त्यांचा एकच ठोकळा व्हायचा. पंचावन्नच्या आसपासची. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. काउंटरपुढे चार विद्यार्थी रांगेत.

“मी ती,” पणताई म्हणाल्या. “सॉफ्टवेअरवाली.”

बाईनं नुसती मान हलवली. पणताईंनी छापलेलं पान पुढे केलं, सातव्या क्रमांकावर बोट ठेवलं. “कंपनीनं मान्य केलंय. हे तुमच्या मालकांना दाखवता येईल.”

बाईनं चष्मा लावला आणि ओळ वाचली. ओठ हलवत, हळूहळू.

“काही परिस्थितींत,” ती म्हणाली. “म्हणजे मी?”

पणताईंनी ओळीवरचं बोट मागे घेतलं.

“माझ्या जागी त्यांनी माणूस घेतला हो. केव्हाच. आता हे घेऊन गेले तर ते म्हणतील, हिला अजून तेच.” तिनं आवाज चढवला नाही. मागे मशीन चालूच होतं. “आणि यात माझं नाव कुठंय? यात कुणाचंच नाव नाही. दोष होता, तो गेला. कुणी केला, कुणाला लागला, काही नाही.”

“मी केला,” पणताई म्हणाल्या.

“ते तुम्ही फोनवर सांगितलंत मला.” बाईनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “दुसऱ्यांदा सांगायला बसनं आलात?”

रांगेतला एक जण पाय बदलून उभा राहिला. पणताई म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.”

“नाही वाटलं,” बाई म्हणाली. त्यात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं. मग तिनं ते पान हातात फिरवून पाहिलं. “पण एक प्रत ठेवते. मुलाला दाखवायला.”

तिनं झाकण उचललं, पान काचेवर ठेवलं, बटण दाबलं. हिरवा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेला. बाहेर आलेली प्रत किंचित तिरकी होती, वरची ओळ उजवीकडे जेमतेम दोन मिलिमीटर खाली. पणताईंना ते दिसलंही नसतं. बाईनं ती प्रत फाडून टोपलीत टाकली, मूळ पान काचेच्या कडेला लावून अंगठ्यानं सरळ केलं आणि दुसरी काढली. ती नीट आली. मूळ कागद पणताईंच्या हातात परत दिला, प्रत घडी न घालता खणात ठेवली, आणि चष्मा खाली सोडत रांगेकडे वळून विचारलं,

“हं, पुढे कोण? किती पानं?”